तीन प्लग आणि मधल्या विहिरीतलं तेल

रविवार, 16 मार्च 2025 (मीटर 61,540)

तुळजापूरला जाऊन आलो. मी, आप्पा आणि मुलगा. सपाटीला काही जाणवलं नाही, पण घाट लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हिसके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आधी दम खायची, मग एकदम उडी मारायची. दुसरा टाकला तेव्हा कशीबशी वर आली. दर्शन झालं, येताना उतार, त्यामुळे गाडी शहाण्यासारखी आली. घरी अंगणात न्यूट्रलला उभी केली तर डॅशबोर्डवरचा गणपती थरथरत होता.

आप्पांनी खिशातली औषधाची चिठ्ठी काढली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. इंजिन नीट चालत असेल तर कागद एकसारखा बाहेर फडफडतो. आमचा मध्येच आत ओढला जात होता. "एक सिलिंडर मधूनमधून मारत नाही," आप्पा म्हणाले आणि चिठ्ठी घडी घालून परत खिशात ठेवली.

गाडी 2014 सालची वॅगनआर, पेट्रोल, तीन सिलिंडर, 998 सीसी. तीनच सिलिंडर असले की एकाने काम चुकवलेलं लगेच अंगाला कळतं. तीन भावांच्या घरात एक आजारी पडला की कळतं तसं.

मंगळवार, 18 मार्च

ऑफिसला जाताना एका गॅरेजात दाखवली. बॉनेटही न उघडता अंदाज आला 4,200 रुपये: प्लग, ट्यूनिंग, थ्रॉटल क्लिनिंग, इंजेक्टर क्लिनिंग, शिवाय कसलंतरी फ्लश. मी विचारलं, नक्की बिघडलंय काय? "मॅडम, सगळंच करून टाकू, टेन्शन नाही." माझं टेन्शन तेच होतं. गाडी घेऊन आले.

रात्री सर्व्हिस बुक काढलं. प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग, शेवटचे बदललेत 2019 मध्ये, मीटर 30,400 ला. म्हणजे 31 हजार किलोमीटर झाले. साधे निकेलचे प्लग 30 ते 40 हजारांच्या घरात बदलायचे असतात, तेव्हा मुदत भरत आलेलीच आहे. दोष प्लगचाच असेल असं नाही, पण सुरुवात तिथून करायला हरकत नाही. जे स्वस्त आहे, हाताला येतंय आणि तसंही बदलायचंच आहे, ते आधी.

आप्पांना म्हटलं, आपणच करू. ते गिरणीत फिटर होते. आता हात थरथरतात, पाना धरवत नाही. पण कान शाबूत आहेत.

लहानपणी आमच्याकडे चेतक स्कूटर होती. रोज सकाळी नाही तरी दर आठवड्याला तिच्या प्लगमध्ये कचरा यायचाच. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल, त्यामुळे काजळी ठरलेली. आप्पा डिकीतला प्लग पाना काढायचे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, टोकावर फुंकर मारायचे आणि गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती दोन टोकांमधली फट, डोळ्यांनीच बघायचे. प्लगला आमच्याकडे सरसकट 'मायको' म्हणत, कंपनी कुठली का असेना. मायको म्हणजे 1951 साली सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. 2008 पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. आप्पांच्या तोंडी अजून मायकोच.

शनिवार, 22 मार्च

खरेदी. स्पेअर पार्टच्या दुकानात मी गाडीचं मॉडेल, साल, इंजिन सांगितलं. काउंटरवरचे म्हणाले, "ताई, साहेबांना एकदा फोन लावून नंबर कन्फर्म करून घ्या." साहेब कोण ते मलाही कळलं नाही. मी सर्व्हिस बुकातला पार्ट नंबर पुढे केला. मग काही बोलले नाहीत, तीन खोकी काढून दिली.

इरिडियम घ्यावेत का, यावर घरी बराच काथ्याकूट झाला होता. निकेल 1,455 अंशांना वितळतं, इरिडियम 2,446 ला. म्हणून इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, साध्या प्लगला असतं तसं अडीच मिलिमीटर जाड ठेवावं लागत नाही. टोक बारीक असलं की ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते, आणि प्लग लाखभर किलोमीटरही जातो. पण माझी गाडी वर्षाला पाच-सहा हजार चालते. लाख किलोमीटर व्हायला सतरा वर्षं लागतील. साधे घेतले, 130 ला एक.

नंबरात आणखी एक गोम आहे. प्लग 'गरम' किंवा 'थंड' असतो, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे (प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग) किती लवकर पोचवतो ते. टोक साधारण 450-500 अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते, फार तापलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेट घेतं. एनजीकेच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या नंबरात आकडा वाढला की गरम. म्हणजे एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा "तसाच" प्लग घेतला तर उलटं व्हायचं. सोलापूरच्या उन्हासाठी थंड प्लग टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला. बाहेर 42 असो की 22, सिलिंडरच्या आत दोन हजार अंशांच्या घरात जातं. तिथे आपल्या उन्हाला कोण विचारतो. कंपनीने दिलेला नंबर तोच ठेवला.

हत्यारं: 16 मिलिमीटरची प्लगची गोटी (सॉकेट), आत रबर असलेली, 10 मिलिमीटरची गोटी, रॅचेट, दहा इंची एक्स्टेन्शन, गॅप मोजायचा फिलर गेज. एकूण 2,350. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, प्लग 390 चे आणि पाने 2,350 चे? मी त्याला अभ्यासाला बसवलं.

रविवार, 30 मार्च

पाडवा. गुढी, पुरणपोळी, झोप. गाडी धुतली, हार घातला. काम शून्य.

रविवार, 6 एप्रिल (मीटर 61,902)

सकाळी सहाला सुरुवात. रात्रभर गाडी उभी होती, इंजिन गार. हे मुद्दाम. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. गरम असताना दोघं वेगवेगळं फुगलेलं असतं आणि ॲल्युमिनियमचे आटे नरम पडलेले असतात. अशा वेळी प्लग पिळला तर आट्यांसकट बाहेर यायचा. शिवाय एप्रिलात आठनंतर अंगणात उभं राहवत नाही, ते वेगळंच.

फेंडरवर जुनी सोलापुरी चादर टाकली, मोराची नक्षी असलेली, आईच्या लग्नातली. पट्ट्याचं बक्कल घासून रंग जाऊ नये म्हणून. आप्पा खुर्ची टाकून बसले, चहा हातात.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. मग वरचा एअर फिल्टरचा डबा क्लिपा सोडून बाजूला केला, थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. आता समोर तीन काळ्या कॉइल. या गाडीला जुन्यासारख्या प्लगच्या वायरी नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसते आणि बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. म्हणून इंजिन चालू असताना कॉइल उपटायचा खेळ करायचा नाही.

मास्किंग टेपवर 1, 2, 3 लिहून चिकटवलं. कनेक्टरची जीभ दाबून ओढायची. अकरा वर्षं तापलेलं प्लास्टिक पापडासारखं होतं, जोर लावला की तुटतं. तीनही न तुटता निघाले. कॉइलचा 10 चा बोल्ट काढून कॉइल सरळ वर ओढली तर हलेना. आप्पा म्हणाले, "आधी डावी-उजवी फिरव, मग ओढ." रबर प्लगच्या चिनी मातीला चिकटलेलं असतं. फिरवल्यावर फट्‌ आवाज करून निघाली.

प्लग आत खोल विहिरीत असतो. विहिरीच्या तळाशी अकरा वर्षांची धूळ. प्लग सोडला की ती थेट सिलिंडरमध्ये पडणार. काँप्रेसर नाही, म्हणून सायकलचा पंप. मुलाने मारला, मी डोळे मिटले. पहिल्या आणि तिसऱ्या विहिरीतून धुरळा उडाला. मधलीतून काहीच उडालं नाही. टॉर्च मारला तर तळ चमकत होता.

तेल.

दहा मिलीची सिरिंज, पुढे सलाइनच्या नळीचा तुकडा. ओढलं तर चारेक मिली इंजिन ऑइल निघालं, काळं. उरलेलं विणकामाच्या सुईला बनियनचा तुकडा गुंडाळून टिपलं. कॉइलचं रबरही तेलाने फुगून मऊ झालं होतं, ते पुसून ठेवलं.

"हे आलं कुठून ते बघ आधी," आप्पा.

"नंतर बघू, आप्पा. आधी प्लग."

आणि तेवढ्यात नळ आला. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, तेही कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. तिन्ही विहिरींवर फडकी कोंबली आणि टाकी, पिंप, बादल्या, कळशा. पंचेचाळीस मिनिटं गेली. परत आले तेव्हा सव्वाआठ वाजले होते आणि ऊन बॉनेटच्या कडेला आलं होतं. घाई तिथून सुरू झाली.

प्लग सोडणं. एक नंबर: गोटी बसवली, जोर लावला, कट्‌ असा आवाज, आणि मोकळा. हा कट्‌ ऐकून पोटात गोळा येतो, पण तो वॉशर सुटल्याचा असतो. दोन नंबर: तेलामुळे लोण्यासारखा. तीन नंबर अर्ध्या फेऱ्यावर किरकिरायला लागला. आप्पांनी हात वर केला. "थांब. परत आत घे." पाव फेरा आत, अर्धा बाहेर, दोन थेंब सुटं करणारं तेल, दहा मिनिटं थांबणे, परत पाव आत. असं करत निघाला. आट्यांवर फक्त काजळी अडकली होती. सरळ पिळत गेले असते तर हेडचे आटे खाल्ले असते, आणि त्याचा खर्च आकड्यात लिहायचं धाडस होत नाही.

तिन्ही चादरीवर ओळीने ठेवले. हे बघण्यासारखं असतं. 1 आणि 3: मधली चिनी माती फिकट तपकिरी, चहा सांडून वाळलेल्या कपासारखी. म्हणजे पेट्रोल आणि हवा बरोबर जळतेय. दोनचं टोक जरा जास्त काळसर, कोरड्या काजळीचं: न जळलेल्या पेट्रोलची. ओलं तेल टोकावर नाही. ही तपासणी महत्त्वाची. टोकाला ओलं तेल असतं तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेले, मोठं काम. तेल फक्त बाहेरच्या बाजूला, षटकोनाच्या वर, म्हणजे वरून टॅपेट कव्हरच्या, इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपलेलं.

आणि दोनच्या पांढऱ्या चिनी मातीवर, बाहेरून, पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी उभी रेघ. मला वाटलं घाण. पुसली, गेली नाही. प्लग तर बदलतोच आहोत म्हणून सोडून दिलं.

फिलर गेज घातला. गॅप 1.0 ते 1.1 मिलिमीटर हवा. निघाला 1.3, 1.35, 1.3. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू घेऊन जाते. हिशेब मांडला: चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक प्लग दोन फेऱ्यांना एकदा उडतो. 2,000 आरपीएमला मिनिटाला 1,000 ठिणग्या. शहरात सरासरी ताशी 25 धरली तर 31,500 किलोमीटरला 1,260 तास, म्हणजे एका प्लगच्या साडेसात कोटी ठिणग्या. आप्पा म्हणाले, "मागाचा धोटा बदलायचो आम्ही त्याच्या कितीतरी आधी." गॅप वाढला की ठिणगीला उडी मोठी पडते, कॉइलला जास्त व्होल्टेज काढावं लागतं, आणि घाट चढताना सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो तेव्हा ते नेमकं कमी पडतं. तिसऱ्या गिअरमधल्या हिसक्यांचं कोडं इथे अर्धं सुटलं.

नव्या प्लगचे गॅप खोक्यातून काढल्या काढल्या तपासले. दोन बरोबर, एक 0.9. खोकं कुठेतरी आपटलं असणार. बाहेरची पट्टी अलगद उचलून 1.0 केला. मधल्या टोकावर दाब द्यायचा नाही, आतली चिनी माती तडकते.

बसवताना रॅचेट लावायचंच नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यात खोचला आणि त्यानेच विहिरीत सोडून बोटांनी फिरवला. आटा तिरका लागला तर पाइप गर्रकन घसरतो, प्लग फिरत नाही. पान्याला मात्र तिरकं-सरळ कळत नाही, तो नवा आटा पाडून मोकळा. आप्पांनी सांगितलं, आधी उलटा फिरव. उलटा फिरवला की एका जागी टिक्‌ असं खाली बसतो, तिथून सुलटा. गिरणीतल्या मोठ्या बोल्टालाही हेच.

बोटांनी तळाला लागल्यावर गोटी आणि एक्स्टेन्शन. नवा वॉशर पोकळ असतो, तो दाबला जाईपर्यंत घ्यायचं. खोक्यावरच्या चित्रात अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर चेपताना हाताला स्पंजासारखं लागतं, मग एकदम घट्ट. तिथे थांबायचं. मी एकला थोडं आणखी घेणार होते, तेवढ्यात खुर्चीतून, "बास."

मग फजिती. एक नंबर आवळून एक्स्टेन्शन वर ओढलं तर नुसतं एक्स्टेन्शनच वर आलं. गोटी खाली, प्लगच्या डोक्यावर, रबराने पकडून बसलेली. विहीर खोल, बोट पोचत नाही. चिमटा पोचतो पण घसरतो. मुलाने चुंबक आणला, फ्रीजवरचा आंब्याच्या आकाराचा. शेवटी एक्स्टेन्शन परत आत घालून टाळी वाजवल्यासारखं वरून ठोकलं, थोडं तिरकं करून ओढलं, आणि निघालं. पुढच्या दोन प्लगांना गोटी आणि एक्स्टेन्शनच्या सांध्याला आधीच इन्सुलेशन टेप गुंडाळली. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावलं नाही. त्यांवर मुलामा असतो, वर ग्रीस लावलं की हात फसतो आणि जास्त आवळलं जातं.

कॉइल, बोल्ट, कनेक्टर, डबा, बॅटरी. अकराला चावी दिली. गाडी आधीपेक्षा वाईट हलायला लागली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला. आप्पांनी कान दिला. "एक पूर्ण मेलंय." बंद करून बघितलं तर एक नंबरचा कनेक्टर नुसता टेकवलेला. टक्‌ आवाज येईपर्यंत दाबला. परत चावी. इंजिन असं शांत की गणपती स्थिर. दिवा दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर गेला.

आप्पांनी चिठ्ठी धरली. एकसारखी बाहेर.

जेवताना परत म्हणाले, "ते तेल."

सोमवार, 7 एप्रिल

ऑफिस, अक्कलकोट रोड एमआयडीसी. पिकअप झकास. सगळ्यांना सांगितलं.

शनिवार, 12 एप्रिल

सगळ्यांना सांगायला नको होतं. परत येताना सिग्नलला परत तीच थरथर. वेग घेताना पिवळा दिवा लुकलुकला. नुसता लागून राहणं वेगळं, लुकलुकणं वेगळं: लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो जळू शकतो. रेटत घरी आणली नाही, दहा मिनिटं बाजूला लावली, मग हळूहळू.

ऑफिसातल्या एकाकडून ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा, छोटा ब्लूटूथ रीडर मागून आणला होता. स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटात लावला, मोबाइलवर कोड आला: पी 0302. शेवटचा आकडा सिलिंडरचा. दोन नंबर. तेलाची विहीर.

आप्पा काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, 14 एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. संध्याकाळी रस्त्यावर गर्दी असणार म्हणून सकाळीच काम.

कोड नुसतं सांगतो की दोनमध्ये मिस होतंय, म्हणजे पेट्रोल पेटायचं चुकतंय. प्लग, कॉइल की इंजेक्टर ते सांगत नाही. त्यासाठी एकच सोपी युक्ती: दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल, बाकी काही हलवायचं नाही, कोड पुसायचा, गाडी फिरवायची. दोष कॉइलबरोबर चालत गेला तर कॉइल, जागच्या जागी राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. विजापूर रोडला जाऊन आले. पी 0303.

कॉइल.

काढून उन्हात धरली. रबराच्या आत, जिथे ते प्लगवर बसतं, तिथे तीच बारीक काळी रेघ, प्लगवरच्या रेघेची जोडीदार. ठिणगीला प्लगच्या टोकातून उडी मारण्यापेक्षा तेलाने मऊ झालेल्या रबरातून बाजूच्या धातूवर उतरणं सोपं पडत होतं. एकदा त्या वाटेने गेली की वाट जळून काळी होते आणि काळी वाट वीज आणखी नेते. सहा तारखेला ती रेघ माझ्या हातात होती आणि मी ती घाण म्हणून पुसत बसले होते. नव्या प्लगवरही आठवड्यात तशीच फिकट रेघ सुरू झालेली.

विहिरीत सिरिंज घातली. परत दीडेक मिली तेल.

शनिवार, 19 एप्रिल

नवी कॉइल 1,650. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या भोकांची गोल सीलं 620. सिलंटची ट्यूब 140. दोनसाठी प्लग नवा घेतला नाही. रेघ फिकट होती, स्पिरिटने पुसली तर गेली.

रविवार, 20 एप्रिल

टॅपेट कव्हर उघडलं. कडेचे बोल्ट काढून रबरी हातोडीने चारी बाजूंनी हलकं ठोकलं तेव्हा सुटलं. खाली दोन कॅमशाफ्ट, तेलात चमकणारे. आप्पा खुर्चीतून उठून आले आणि बराच वेळ बघत राहिले. एका कॅमच्या पाठीवर बोट फिरवून म्हणाले, "घासलेला नाही. तेल वेळेवर बदललंस." एवढं एकच कौतुक महिन्याभरात.

मधल्या भोकाचं सील बोटाने काढायला गेले तर कडक भाकरीसारखं मोडलं. तुकडे वेचून मोजले, एकत्र जुळवून वर्तुळ पूर्ण होतंय ना ते बघितलं, एकही तुकडा आत पडलेला नको. इतर दोन अजून रबर होती, पण तीही बदलली. दोन्ही बाजूंची जागा कापडाने पुसली, खरवडली नाही. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला तर तिथूनच परत गळती. टायमिंग कव्हरच्या सांध्याच्या दोन कोपऱ्यांवर सिलंटचा थेंब. कव्हर सरळ खाली ठेवलं, बोल्ट आधी बोटांनी, मग मधून बाहेर, आडवे-तिडवे, तीन फेऱ्यांत. रॅचेटची मूठ न धरता नुसतं डोकं तळहातात धरून. हे बोल्ट आवळण्यासाठी नसतात, बसवण्यासाठी असतात, असं आप्पांचं म्हणणं.

सिलंट वाळायला रात्रभर तशीच. सोमवारी शेअर रिक्षाने ऑफिस.

मंगळवार, 22 एप्रिल

सकाळी चालू केली. शांत. कोड नाही. चिठ्ठीचा कागद आता मऊ पडलाय, आप्पा तोच वापरतात.

रविवार, 4 मे (मीटर 62,410)

परत तुळजापूर. घाटात तिसऱ्यातच वर आली, एकदाही गिअर पाडावा लागला नाही. टाकी काठोकाठ ते काठोकाठ: 402 किलोमीटर, 22.6 लिटर. ॲव्हरेज 17.8. मार्चात 14 च्या खाली-वर होतं.

कॉइल उचलून मधल्या विहिरीत पांढरा टिश्यू सोडला. कोरडा आला.

खर्च: प्लग 390, हत्यारं 2,350, कॉइल 1,650, पॅकिंग 620, सिलंट 140. एकूण 5,150. गॅरेजवाले 4,200 सांगत होते, हे मुलाने लगेच काढून दाखवलं. त्या 4,200 मध्ये टॅपेट कव्हर नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. आप्पा हसले नाहीत, पण पेपर वर धरला.

जुने प्लग शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत, स्क्रूंबरोबर. बॉनेटच्या आत मार्करने तारीख आणि 61,902 लिहून ठेवलं. शेजारचे काका विचारत होते, त्यांच्या गाडीलाही करून देशील का. त्यांची चार सिलिंडरची. पुढच्या रविवारी पाण्याचा दिवस आहे का ते बघून सांगते म्हटलं.